तळटीप उघडते का?

मित्रहो, काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची मौखिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. जिल्ह्यातल्या विहिरींची संख्या होती ती. "हा कुठून घेतलात?" तिने तळटीप दाखवली. तिथे एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या अहवालाची लिंक होती. सरांनी तिथल्या तिथे मोबाइलवर उघडून पाहिली, तर समोर त्या कार्यालयाचं मुखपृष्ठ: 'आपले स्वागत आहे' आणि खाली सरकणारे फोटो. मधल्या काळात संकेतस्थळ नव्याने बांधलं गेलं होतं आणि जुन्या फायली नव्या घरात आल्याच नव्हत्या. मुलगी खरं बोलत होती, पण दाखवायला तिच्या हातात काही नव्हतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो. अहवाल उतरवून ठेव, एवढं मी तिला वेळेवर सांगायला हवं होतं.

तळटीप म्हणजे आपण वाचकाला दिलेला शब्द असतो. माझ्यावर विसंबू नका, जा आणि स्वतः पाहा. छापील पुस्तकाच्या बाबतीत हा शब्द पाळणं सोपं होतं. आवृत्ती संपली, प्रकाशन बंद पडलं, तरी कुठल्या तरी नगर वाचनालयाच्या कपाटात एक प्रत सापडायची. वेबवरच्या मजकुराची बहुतेक वेळा प्रत एकच, आणि तीही दुसऱ्याच्या सर्व्हरवर. त्याने डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, पैसे भरले नाहीत किंवा फोल्डरचं नाव बदललं, की आपली तळटीप गेली.

हे किती होतं? हार्वर्डच्या अभ्यासकांनी आपल्या विद्यापीठातल्या कायद्याच्या नियतकालिकांमधल्या लिंक तपासल्या. २०१४मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की ७० टक्क्यांहून अधिक लिंकवर मूळ मजकूर मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत हे प्रमाण ५० टक्के निघालं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने १९९७ ते २०१२ या काळातले विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यकातले सुमारे ३५ लाख लेख चाळले. त्यांतल्या दर पाचांपैकी एका लेखाला ही कीड लागलेली होती. वेबवरच्या पानांचा हवाला देणारे लेखच धरले, तर दहापैकी सात.

न्यायालयाचं एक उदाहरण सांगतो. हिंसक व्हिडिओ गेम मुलांना विकण्यावर कॅलिफोर्नियाने निर्बंध घातले होते. त्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११मध्ये लागला. न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या मतपत्राच्या तळटिपेत एका संकेतस्थळाचा हवाला दिला होता. पुढे ते डोमेन मोकळं झालं, कुणीतरी विकत घेतलं आणि त्यावर मजकूर टाकला. आशय असा, की बरं झालं, तुम्ही या पानाचा हवाला दिला नाहीत; अलिटोंसारखा दिला असतात तर मूळ मजकूर केव्हाच गेलेला असता आणि दुसऱ्याच कुणीतरी इथे येऊन टिप्पणी केली असती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची तळटीप, आणि तिच्या टोकाला एका अनोळखी माणसाची टिप्पणी!

तरी लिंक मेली तर निदान कळतं. मला जास्त भीती वाटते ती पान उघडतं पण आतला मजकूर बदललेला असतो त्याची. वाचक तिथे पोचतो, वेगळा आकडा पाहतो आणि तुम्हाला खोटं ठरवतो.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक दुखणं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच उमटावीत म्हणून ठरवलेली सामायिक पद्धत, रुळण्याआधी, २०००च्या आसपास, आपल्या अनेक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे फाँट आपापले होते. त्या काळातलं पान इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, सापडलं, तरी तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसतो. बातमी जिवंत आहे, पण वाचता येत नाही. अशा पानाचा फक्त पत्ता लिहून भागत नाही. वाचता येईल असा मजकूर त्याच दिवशी जपावा लागतो.

शोधनिबंधाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तर पत्त्याऐवजी तो द्या. पान हलवल्यावर प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवायचा आणि क्रमांक तोच ठेवायचा, अशी ती व्यवस्था आहे. प्रकाशकच बुडाला आणि प्रत कुठे जपलेली नसली, तर मात्र नुसता क्रमांक उरतो. शासन निर्णयाचा हवाला देताना विभाग, क्रमांक, तारीख लिहाच. शिवाय शेवटच्या परिच्छेदात 'त्याचा संकेतांक... असा आहे' म्हणून जो लांबलचक आकडा असतो तोही उतरवून घ्या. लिंक तुटली तरी त्यावरून शोध घेता येतो. बाकी कुठलंही पान वापराल तेव्हा त्याच बैठकीत वेबॅक मशीनवर जतन करा आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता मूळ पत्त्याशेजारी द्या. पीडीएफ स्वतःकडेही ठेवा. ऑक्टोबर २०२४मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, तेव्हा काही दिवस तेही बंद होतं.

त्या विहिरींच्या अहवालाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. कार्यालयात दोन खेपा घातल्या, मिळाला नाही. शेवटी तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या जुन्या पेन ड्राइव्हवर तो निघाला. त्याने दुसऱ्याच विषयासाठी उतरवून ठेवला होता. आकडा बरोबर होता. ग्रंथालयात जमा केलेल्या प्रबंधाच्या परिशिष्टात आम्ही ती पानं छापून जोडली आणि तळटिपेत लिंकच्या पुढे लिहिलं: 'पाहा, परिशिष्ट ४.'