जांघेत अवधाण का येतं?

नमस्कार मंडळी. पायात काटा मोडतो. आपण तो काढतो आणि विसरून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळवा ठणकायला लागतो आणि चालताना लक्षात येतं की जांघेत गाठ आली आहे, हात लावला की दुखते. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "अवधाण आलंय." काटा पायात आणि गाठ जांघेत, तरी या दोन्हींचा संबंध आहे हे जुन्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. आज मी त्या गाठीबद्दलच बोलणार आहे. शरीर जंतूला ओळखतं कसं, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. उरलेलं निम्मं पायात आहे.

आधी प्रश्न नीट मांडतो. एकदा पाहिलेलं पुन्हा दिसलं की आपण म्हणतो, ओळखलं. पण जो जंतू या शरीरात कधी शिरलाच नव्हता, त्याला ओळखायचं कशाच्या जोरावर? कार्ल लँडस्टायनर यांनी हा प्रश्न फार अवघड करून ठेवला. रक्तगट शोधणारे तेच हे लँडस्टायनर. त्यांनी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना चिकटवून प्राण्यांना टोचली. निसर्गात कुठेही न सापडणारी रसायनं. तरी त्या प्राण्यांच्या रक्तात नेमके त्या रसायनाला चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे परक्या गोष्टीला पकडणारी प्रथिनं, तयार झाले. नेमके म्हणजे किती? रेणूवरचा एक छोटा गट एका कोपऱ्यातून शेजारच्या कोपऱ्यात सरकवला, तरी प्रतिपिंडांना फरक कळत होता. जे जगात कालपर्यंत अस्तित्वातच नव्हतं, त्याची ओळख शरीराला कुठून झाली? हा प्रश्न डोक्यात ठेवा. आपण आधी पायाकडे जाऊ.

काटा शिरतो त्या जागी, कातडीखाली, काही पेशी कायम मुक्कामाला असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, मराठीत महाभक्षक पेशी. आत आलेला जिवाणू कोणत्या जातीचा, हे त्यांना कळत नाही आणि त्याची गरजही नसते. जिवाणूंच्या भिंतीत काही पदार्थ असे असतात, जे आपल्या शरीरात कुठेच बनत नाहीत. त्यांची पोहायची शेपटी ज्या प्रथिनाची असते, तेही आपल्याकडे नाही. जिवाणूला या गोष्टी सहजी बदलता येत नाहीत. भिंत टाकून दिली तर तो जगणार कसा? आपल्या पेशींवर या मोजक्या खुणा पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते पिढीजात आलेले, जन्मापासून तयार असतात.

या ग्राहकांचा शोध माश्यांमुळे लागला. फळमाशीच्या गर्भाची पाठ कुठे आणि पोट कुठे, हे ठरवणारं एक जनुक आधीच माहीत होतं. त्याचं नाव टोल. जर्मन भाषेत टोल म्हणजे 'भन्नाट'. १९९६ मध्ये ज्यूल हॉफमान यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. पुढच्याच वर्षी मेद्झितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातला टोलचा भाऊबंद शोधला. ब्रूस बॉइटलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशाच एका ग्राहकाने उंदराला जिवाणूच्या भिंतीतलं विष कळतं. माशी आणि माणूस यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी राखणदाराची जात एकच राहिली.

तर पायातल्या महाभक्षक पेशीला खूण पटली. ती काही जंतू गिळते आणि त्याच वेळी रसायनं सोडून हाकाटी करते. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पेशी बाहेर पडतात. अस्थिमज्जा या पेशी रोज सुमारे १०,००० कोटी बनवते, आणि त्यांचं आयुष्य अगदी थोडकं असतं. जखमेत जो पू दिसतो त्याचा मोठा भाग म्हणजे कामी आलेले न्यूट्रोफिल. लाली, सूज, जागा गरम लागणं आणि दुखणं ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवली होती. मात्र ती जंतूंची करणी नसून आपलीच आहे, हे कळायला फार काळ गेला. इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली त्यांना दिसली. आपल्या आजच्या विषयाची सुरुवातही काट्यानेच झाली, हा योगायोग मला फार आवडतो.

पुष्कळ वेळा गोष्ट इथेच संपते. जंतू मरतात, ठणका थांबतो, जांघेपर्यंत प्रकरण जातच नाही. पण समजा नाही संपली. मग पायातली आणखी एक पेशी निघते. फांद्या फुटल्यासारखी दिसते म्हणून राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये तिचं नाव डेंड्रिटिक पेशी ठेवलं. बरीच वर्षं लोकांचा तिच्या महत्त्वावर विश्वास बसला नव्हता. २०११ मध्ये स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस उलटले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हतं. पुरस्कार तसाच कायम ठेवला गेला. तर ही पेशी जंतूचे तुकडे करते, ते अंगावर मांडते, पेशींभोवतीचा पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिनीत उतरते आणि पायाकडून वर सरकत जांघेतल्या गाठीत पोचते. या गाठी तिथे एरवीही असतातच, फक्त लहान असल्यामुळे कळत नाहीत.

गाठीत तिची वाट कोण पाहत असतं? इथे लँडस्टायनर यांचा प्रश्न परत येतो.

१९४० मध्ये लायनस पाउलिंग यांनी एक उत्तर दिलं होतं. प्रतिपिंड आधी मऊ धाग्यासारखं असतं, जंतूच्या अंगावर ते दुमडलं जातं आणि त्याचा आकार घेतं, साच्यात मेण ओतावं तसं. पाउलिंग यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ सांगत होता आणि कल्पनाही सोपी होती. आजही कुणाला विचारलं, तर बहुतेक जण असंच काहीतरी सांगतात: जंतू येतो, शरीर त्याचा अभ्यास करतं, मग त्याच्यावर उपाय बनवतं. विद्यार्थी असताना मीही हेच समजत होतो. हे चूक आहे. शरीर अभ्यास करत नाही.

१९५५ मध्ये नील्स येर्न यांनी आणि १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा प्रश्नच उलटा केला. बर्नेट यांचं म्हणणं असं की सगळे आकार जंतू येण्याच्या आधीच तयार असतात. प्रत्येक पेशीकडे एकच आकार असतो. ज्या पेशीचा आकार योगायोगाने आलेल्या जंतूला बसतो ती वाढते, बाकीच्या तशाच राहतात. म्हणजे कुलूप पाहून किल्ली घडवायची नाही; आधी अंदाधुंद किल्ल्यांचा ढीग करून ठेवायचा आणि कुलूप येईल तेव्हा एखादी लागतेच. उधळपट्टी वाटते ना? आहेच.

पण एवढ्या किल्ल्या करायच्या कशा? माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सगळी मिळून २०,००० च्या आसपास आहेत, आणि प्रतिपिंडांचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त. सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये बाझेल इथे याचा उलगडा केला. प्रतिपिंडाचं जनुक अखंड नसतंच, ते तुकड्यांत असतं. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचं बनतं. जड साखळीसाठी तीन गटांत साधारण ४०, २३ आणि ६ तुकडे असतात. बी पेशी, म्हणजे प्रतिपिंड बनवणारी पांढरी पेशी, घडताना प्रत्येक गटातून एकेक तुकडा उचलला जातो, मधला भाग कापून फेकला जातो आणि तिन्ही जोडले जातात. नुसत्या निवडीनेच साडेपाच हजारांवर प्रकार झाले. हलक्या साखळीच्या शेकडो प्रकारांशी त्यांची जोडी लावली की आकडा पंधरा लाखांच्या पुढे जातो. शिवाय जोड देताना पेशी सांध्यावर चार अक्षरं मनाने घालते, दोन खाते. तिथे हिशेबच संपतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आपला आनुवंशिक मजकूर जपून ठेवतात. या पेशी मात्र मुद्दाम तो कापतात. टी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही आपले ग्राहक याच रीतीने बनवतात.

मात्र किल्ल्या अंदाधुंद बनवल्या की काही आपल्याच घराला लागणार. हा धोका पॉल एर्लिख यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसला होता. टी पेशींपुरतं उत्तर छातीच्या हाडामागे आहे. तिथल्या थायमस ग्रंथीला पेशींचं स्मशान समजत असत, कारण तिथे मेलेल्या पेशी फार सापडायच्या. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून पाहिली. ते उंदीर संसर्गाने खंगले आणि परक्या उंदराची कातडीही त्यांनी निमूट स्वीकारली. ते स्मशान म्हणजे खरं तर परीक्षेचं केंद्र होतं. कोवळ्या टी पेशींना तिथे शरीराचीच प्रथिनं दाखवतात. जिला ती पकडताच येत नाहीत ती बाद; जी फार घट्ट पकडते तीही बाद. परीक्षा खरी व्हावी म्हणून थायमसमधल्या काही पेशी इन्सुलिनसारखी प्रथिनंसुद्धा बनवतात, जी एरवी दुसऱ्याच अवयवाचं काम. शंभरातल्या पाचेक पेशी जेमतेम बाहेर पडतात. त्यातूनही चुकार सुटतात, त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात; त्यांच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. म्हणून बाटलीवर 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं लिहिलेलं दिसलं की मला विचारावंसं वाटतं, यातली नेमकी कोणती पेशी वाढवणार? सांधेदुखीच्या काही प्रकारांत वाढलेलीच पेशी सांधे खाते.

चला, गाठीकडे. पायाकडून आलेली डेंड्रिटिक पेशी तिथे जंतूचे तुकडे मांडून उभी आहे. समोरून टी पेशी एकामागून एक जात आहेत, अंग घासून पाहत आहेत. बसेल अशी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. सगळ्या शरीरात तिला शोधत फिरणं अशक्य होतं, म्हणून तर गाठी आहेत. टी पेशी एका गाठीत अर्धा-एक दिवस काढते, काही जुळलं नाही तर रक्तातून दुसऱ्या गाठीकडे जाते. गाठ म्हणजे जंतूचा पुरावा आणि तो ओळखू शकणारी पेशी यांची गाठ पडण्याची जागा. ही कोटी माझी नाही, भाषेनेच करून ठेवली आहे.

जुळलं, तरी टी पेशी लगेच उठत नाही. पुरावा आणणारी पेशी खरोखर संकटाच्या जागेवरून आली आहे ना, याची ती खात्री करते. पायात जर जंतूच्या जुनाट खुणा पटल्या असतील, तरच डेंड्रिटिक पेशीच्या अंगावर दुसरी निशाणी उगवते. ती नसेल तर टी पेशी उलट निपचित होते. प्रयोगशाळेतल्या लोकांना याचा अनुभव होता. शुद्ध प्रथिन टोचलं तर प्रतिपिंड फारसे बनत नसत. त्यात मेलेले जंतू मिसळले की भरपूर बनत. हे सगळे करत, पण का ते कुणी विचारत नव्हतं. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी याला आपल्या शास्त्राचं घाणेरडं गुपित म्हटलं आणि टोलचं हे राखणदारीचं काम कळण्याच्या कितीतरी आधी केवळ तर्काने सांगितलं की अशा खुणा ओळखणारे ग्राहक असलेच पाहिजेत. नवी ओळख जुन्या ओळखीच्या साक्षीशिवाय ग्राह्य धरली जात नाही.

साक्ष पटली की टी पेशी विभागायला लागते. दिवसाला तीन विभागण्या धरल्या तर पाच दिवसांत एकीच्या तीस हजारांहून जास्त होतात. त्याआधीच गाठीत येणाऱ्यांची गर्दी झालेली असते आणि बाहेर जायची वाट काही काळ बंद केलेली असते. कधी जंतूही तिथवर पोचलेले असतात. आत टी पेशींच्या मदतीने बी पेशी वाढतात, आपल्या प्रतिपिंडांत बारीक बदल करत जातात आणि जास्त घट्ट बसणारी टिकते. हे सगळं एका दाण्याएवढ्या जागेत. गाठ फुगणार नाही तर काय होईल? दुखणारच.

विषाणूंचं थोडं वेगळं असतं, ते पेशीच्या आत लपतात. पण आपली जवळपास प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून ठेवते आणि मारक टी पेशी ते तपासतात. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात उलगडलं. काही विषाणू चलाख असतात, ते हे मांडणंच बंद पाडतात. त्यांच्यासाठी नैसर्गिक मारक पेशी आहेत. ज्या पेशीच्या दारात काहीच मांडलेलं नाही, तिलाच त्या मारतात.

मग जंतू संपतात. गाठीतून निघालेल्या पेशींपैकी बहुतेक काही आठवड्यांत मरतात, अवधाण बसतं. थोड्या उरतात. किती काळ? उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर आला होता. त्यानंतर ६५ वर्षं तो तिथे फिरकलाच नाही. १८४६ मध्ये पुन्हा आला आणि सुमारे ७,८०० वस्तीतल्या ६,००० जणांना झाला. डॅनिश सरकारने पेटर पानुम नावाच्या तरुण डॉक्टरला पाठवलं. तो गावोगाव फिरला, म्हाताऱ्यांशी बोलला. लहानपणी १७८१ च्या साथीत गोवर झालेली बरीच वृद्ध माणसं त्याला भेटली. त्यांच्यापैकी एकालाही दुसऱ्यांदा झाला नव्हता. त्यांच्याच वयाची, पण तेव्हा गोवर न झालेली माणसं मात्र अंथरुणाला खिळली होती.