तार लावायच्या आधी

ट्रेमधली ही हत्यारं अजून बराच वेळ कुणी उचलणार नाही. आधी हा फॉर्म. साखर आहे का? फिट येतात का? हृदयाचं ऑपरेशन झालंय? हाडांसाठी काही औषध चालू आहे? "दात सरळ करायला आलोय, हे सगळं कशाला?" असं इथे रोज कुणीतरी विचारतंच.

उत्तर या एक्स-रेत आहे. तारेचा ताण पडला की दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. खरं काम हाडच करतं. साखर काबूत नसेल तर तेच हाड आणि हिरड्या लवकर खचतात, म्हणून आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट. हाडांच्या ठिसूळपणावरची बिस्फॉस्फोनेट औषधं तर हाडाचं झिजणंच रोखतात. मग दात सरकणार कसा?

या मुलीच्या हिरड्या फुगल्यात त्या फिटवरच्या फेनिटोइनमुळे. काढता-घालता येणारी प्लेट तिला दिलेली नाही. फिटमध्ये तुटली तर तुकडा घशात जायचा.

आता जरा जवळून. हा मुलगा हिमोफिलियाचा, रक्त लवकर थांबत नाही. म्हणून ब्रॅकेटवर, म्हणजे दाताला चिकटवलेल्या छोट्या बटणावर, तार धरून ठेवायला बारीक तारेचे पीळ नाहीत, रबराच्या रिंगा आहेत. शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक कापलं, आत वळवलं. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं. टोचलं. पुन्हा पक्कड, पुन्हा बोट.

हृदयात कृत्रिम झडप असेल तर दाढेला धातूचा बँड बसवण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, कारण बँड हिरडीत उतरतो आणि जंतू रक्तात जाऊ शकतात. नुसतं ब्रॅकेट चिकटवायला ते लागत नाही. फॉर्मवरची ही ओळ कोरी राहिली तर जिवावर बेतू शकतं.

आजार ऐकून पेशंटला परत पाठवणारे डॉक्टरही आहेत. आम्हाला ते पटत नाही. तार बदलता येते, तारीख पुढे ढकलता येते, पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरांना एक फोन करता येतो.

या बाईंनी फॉर्म भरून दिला. "औषधं" या रकान्यात "नाही". खुर्चीत बसल्या, दिवा लागला, आणि मग आठवलं.

"वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन असतं माझं. ते लिहायचं होतं का?"

डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि फॉर्म पुन्हा मागवला.