शांताबाईंचे हात

फलकावर ‘शांता आपटे : जीवन आणि कारकीर्द’ असं लिहिलंय. जीवनाकडे येऊच, पण आधी त्यांचे हात बघू. गायिका-अभिनेत्री शांताबाई म्हटलं की जो तो थेट त्यांच्या स्टुडिओच्या फाटकावरच्या उपोषणावर उडी मारतो, आणि बाईंचं गाणं राहतं बाजूला.

बोलपट नवा होता तेव्हा गाणं कॅमेऱ्यासमोरच गावं लागे. पेटी-तबलावाले चौकटीबाहेर दडवलेले, मायक्रोफोन डोक्यावर, चित्रात दिसणार नाही इतक्याच उंचीवर टांगलेला. कॅमेऱ्याची घरघर मुद्रणात उतरू नये म्हणून त्यालाही झाकायचं. गाणाऱ्यानं मान फिरवली की आवाज पडला, दोन पावलं सरकला की तबला वरचढ. शेवटच्या ओळीत ठसका लागला तर पुन्हा पहिल्यापासून! मग नट खांबासारखा उभा राहून गाणार, दुसरं काय? त्यातून संगीत नाटकाची सवय: वन्समोअर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. (हसू नका, काही सत्कारमूर्ती अजून तेच करतात.)

अशा काळात, १९३४च्या ‘अमृतमंथन’पासून शांताबाई गाताना डोळे, मान, हात सगळं बोलतं ठेवतात. ‘अमृतमंथन’च्या चाली संगीतकार केशवराव भोळ्यांच्या. ताना आटोपशीर, शब्द स्वच्छ. गाणं म्हणजे संवादच, फक्त सुरातला.

याचं फळ १९३७च्या ‘कुंकू’त. कथा ना. ह. आपट्यांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, म्हणजे व्ही. शांतारामांचं. फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाला दिलेली नीरा नवऱ्याला नवरा मानत नाही. सावत्र मुलगा चावटपणा करतो तेव्हा छडीनं फोडून काढते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही! प्रसंगात जे आहे त्याचाच आवाज: भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यावरचा भिकारी. रडायची जागा दाखवायला व्हायोलिन धावून येत नाही, म्हणून सगळा भार नटांवर. म्हातारा नवरा झालेले केशवराव दाते तो पेलतात, आणि त्यांच्यासमोर विशी ओलांडलेली ही मुलगीही. वर अमेरिकी कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, १९३७ साली, मराठी चित्रपटात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. बरं.

तर कारकीर्द. १९३६ ‘अमरज्योती’, १९३८ ‘गोपालकृष्ण’. १९३९मध्ये त्यांच्या चित्रपटसंस्थेशी, प्रभात फिल्म कंपनीशी, करारावरून वाद, पुण्यात प्रभातच्या फाटकाशी ते प्रसिद्ध उपोषण. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक, म्हणजे पडद्यावरची नीरा बाहेरही गप्प बसणारी नव्हती. १९४१मध्ये तमिळ ‘सावित्री’: सावित्री शांताबाई, नारद एम. एस. सुब्बुलक्ष्मी. यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, पण समोर घड्याळ आहे, तेही ‘कुंकू’तलंच वाटतंय. १९४६च्या ‘सुभद्रा’त त्यांच्या जोडीला गाणारी मुलगी लता मंगेशकर. १९६४च्या २४ फेब्रुवारीला शांताबाई गेल्या.

प्रश्न नंतर घेऊ. दिवे घालवा, ‘कुंकू’चा तुकडा लावतोय. पंखाही बंद करा, घड्याळ ऐकू यायला हवं.