दगडाचा कस

(दृश्य: तळहातावरचा दगड, अगदी जवळून)

काळपट, करडा, जरासा चमकणारा. आकाराच्या मानानं चांगलाच जड. चकाकी न दिलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर हा दगड घासला, तर रेघ काळी उमटायला हवी. उमटते लालभडक-तपकिरी. हा हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. रेघ काळी आली आणि होकायंत्राची सुई हलली, तर मॅग्नेटाइट. पिवळट तपकिरी आली, तर गोएथाइट. सोनार सोन्याचा कस लावतो, तसाच हा दगडाचा कस. चाचणी जुनी आहे, पण तिला वीज लागत नाही.

एवढ्यावर मात्र कुणी हुरळून जात नाही. पृथ्वीच्या कवचात वजनानं जवळपास ५ टक्के लोखंडच आहे. लाल माती तर पावलोपावली दिसते. शोधायचं असतं ते लोखंड गोळा होऊन बसलंय कुठे, हे.

(दृश्य: लाल-करड्या पट्ट्यांचा कडा)

हे पट्टे सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे. तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन त्याला भेटला आणि ते तळाशी बसत गेलं. एक थर लोखंडाचा, एक सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचा. अशा पट्टेदार खडकात लोखंड साधारण ३० टक्के. पण काही ठिकाणी पुढे पाण्यानं सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिलेल्या खडकात लोखंडाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं. सगळी धावपळ या काही ठिकाणांसाठी.

(दृश्य: घनदाट जंगल, वरून)

कधी खूण अनपेक्षित असते. १९६७ साली ब्राझीलमधल्या अॅमेझॉनच्या जंगलात मँगनीज शोधायला निघालेलं हेलिकॉप्टर एका उघड्या टेकाडावर उतरलं. एवढ्या दाट रानात टक्कल कसं? लोखंडाच्या कठीण कवचावर मोठी झाडं तग धरत नाहीत, म्हणून. काराजासचा प्रचंड साठा असा हाती लागला.

याउलट रशियातलं कुर्स्क. तिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते हे १७८३ मध्येच लक्षात आलं होतं. प्रत्यक्ष खनिज जमिनीत पाडलेल्या छिद्रातून वर आलं १९२३ मध्ये. संशय आणि पुरावा यांच्यात १४० वर्षं!

आज चुंबकीय मोजणी विमानातून होते. नकाशावर मॅग्नेटाइट ठळक उठून दिसतं. हेमॅटाइट मात्र चुंबकाला फारशी दाद देत नाही. त्यामुळे पट्टेदार खडकाच्या ठळक रेषेत मध्येच एखादा तुकडा शांत दिसला, तर अनुभवी नजर तिथेच थबकते. कदाचित तिथलं मॅग्नेटाइट बदलून हेमॅटाइट झालं असेल. मग गुरुत्वाकर्षणाची मोजणी करून खाली काही जड आहे का, ते पडताळतात.

(आवाज: ड्रिलिंग मशीनची घरघर)

खरी झडती इथे. हिरे बसवलेलं पोकळ बिट, म्हणजे मशीनचं कापणारं टोक, खडक कापत खाली जातं आणि नळीतून दगडी कांडी वर येते. तिला कोअर म्हणतात. कांड्या कप्प्यांच्या पेटीत ओळीनं मांडतात, खोली लिहितात, ओल्या करून पाहतात. ओल्या दगडाचे पट्टे जास्त बोलके असतात. कुठे कांडी अखंड, कुठे नुसता लाल भुगा. त्या भुग्याला नाक मुरडू नये. सिलिका धुऊन गेलेली जागा कित्येकदा अशीच भुसभुशीत असते, आणि नेमका तोच भाग ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून जायची भीती असते.

मग हिशेब. १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, १० मीटर जाड थर म्हणजे १ लाख घनमीटर. शुद्ध हेमॅटाइटची घनता दर घनमीटरला ५ टनांच्या वर. ५ धरली तर ५ लाख टन. पण खडक सच्छिद्र असेल आणि खरी घनता ३.५ निघाली, तर साडेतीन लाख. दीड लाख टन फक्त कागदावर होते! म्हणून कोअरचे तुकडे मेणात बुडवून, पाण्यात तोलून घनता काढतात. लोखंडासोबत सिलिका, अॅल्युमिना, फॉस्फरसही मोजतात; फॉस्फरस जास्त असेल तर पोलाद ठिसूळ होतं.

(दृश्य: करवतीनं उभी चिरलेली कांडी)

अर्धी कांडी प्रयोगशाळेत जाते. उरलेली अर्धी पेटीतच राहते, छिद्राच्या क्रमांकासह. प्रयोगशाळेचा आकडा खटकला, की पुन्हा हीच पेटी उघडायची.