पोटाला लाउडस्पीकर बांधलेलं विमान

नमस्कार मंडळी. आज रेडिओवर बसून रेडिओचीच गोष्ट सांगणार आहे, आणि ती गोव्याच्या स्वातंत्र्याचीही गोष्ट आहे, कारण माझ्या मते गोव्यातली सगळी लढाई मुळात तोंड उघडता यावं म्हणून होती.

१९४६ साल घ्या. गोव्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राज्य, सभेला परवानगी लागायची, पेपरला सेन्सॉर, आणि हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना, लग्नाची पत्रिकासुद्धा छापायच्या आधी सरकारला दाखवावी लागायची. म्हणजे बघा, घरात कार्य काढलंय, मुहूर्त ठरलाय, आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" एवढ्या चार ओळींना पोर्तुगीज साहेबाची मंजुरी पाहिजे!

अशात डॉ. राममनोहर लोहिया ब्रिटिशांच्या जेलमधून नुकतेच सुटलेले, तब्येत पार खालावलेली, म्हणून गोव्यात असोळण्याला मित्राकडे, डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीला आले, पण विश्रांती कसली, भेटायला येणारा प्रत्येकजण हेच गाऱ्हाणं घेऊन यायचा. १८ जूनला मडगावात भर पावसात सभा ठरली. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन मिरांदाने लोहियांवर पिस्तूल रोखलं आणि लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला, अगदी माशी हाकलावी तसा. लोहिया आणि मिनेझिस दोघांनाही अटक झाली, भाषण काही पुरं झालं नाही, पण जमलेल्या लोकांनी तो बाजूला सारलेला हात पाहिला आणि तिथे भीड चेपली ती चेपलीच. १९२८ पासून गोवा काँग्रेस चालवणारे टी. बी. कुन्हा तर नंतर थेट लष्करी कोर्टापुढे उभे केले गेले, आठ वर्षांची शिक्षा आणि रवानगी पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात.

मग १९५४. जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीजांच्याच ताब्यातली दादरा आणि नगर हवेली मोकळी झाली. त्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते, ज्यांचा आवाज आपण रेडिओवरच ऐकत मोठे झालो. तिथे पोर्तुगीजांचे दोन वायरलेस सेट हाती लागले, ते लक्षात ठेवा, पुढे येतातच.

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून हजारो सत्याग्रही रिकाम्या हातांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून जास्त माणसं गेली, त्यात पनवेलचे हिरवे गुरुजी होते, पंजाबातल्या इसरू गावचा कर्नेल सिंग होता. पत्रादेवीला आज स्मारक आहे, गोव्याला जाताना लागतं, तिथे पाच मिनिटं थांबत जा. त्यानंतर आपल्या सरकारनेच सत्याग्रह थांबवले, हद्द बंद केली. नेहरूंच्या अडचणी असतील, पण आतल्या लोकांना काय वाटलं असेल, बाहेरचं कोणी येणार नाही, पेपर नाही, आणि कानावर पडणार ते फक्त पोर्तुगीज सांगतील तेवढं.

मला विचाराल तर खरं वळण इथे आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, दोघंही तरुण, यांनी त्या दोन वायरलेस सेटमधून ट्रान्समीटर जुळवून घेतला, तो ट्रकवर चढवला आणि गोव्याच्या सीमेवरच्या जंगलात, आपल्या आंबोली घाटात आणि पलीकडे कॅसलरॉकच्या बाजूला मुक्काम टाकला. २५ नोव्हेंबर १९५५ ला 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला. कोंकणीत गोव्याच्या माणसांसाठी आणि पोर्तुगीजमध्ये थेट राज्यकर्त्यांसाठी आणि त्यांच्या शिपायांसाठी. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल तिथे दिवस काढणं म्हणजे काय, कपडे वाळत नाहीत, कागद ओले होतात, आणि त्यात रोज बातम्या जमवायच्या, लिहायच्या, वाचायच्या. पुढे स्टेशन बेळगावला गेलं, पण काम सुटलं नाही, एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सोडवायला आपल्या सैन्याचं ऑपरेशन विजय सुरू झालं. सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा. १८ तारखेला आपल्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीजांचं वायरलेस स्टेशन उडवलं, म्हणजे त्यांचा आवाज बंद आणि जंगलातून निघालेला आवाज चालू. त्याच आवाजाने गव्हर्नर वासालो इ सिल्वाला शरण या असं बजावलं होतं. १९ ला तो शरण आला, ४५१ वर्षं संपली, आणि लिबिया आणि वामन विमानात बसले, विमानाच्या पोटाला लाउडस्पीकर बांधलेला, आणि पणजीवरून फिरत, पत्रकं टाकत, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सांगत सुटले की गोवा मोकळा झाला. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत.

पण एका माणसापर्यंत तो लाउडस्पीकर पोचला नाही. सांगलीचे मोहन रानडे, सावईवेऱ्याला मराठी शिकवायचे आणि गोव्यासाठी हत्यार घेऊन लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचं काम करायचे. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली. पणजीवर विमान घिरट्या घालत होतं तेव्हा ते लिस्बनजवळ काशियाशच्या किल्ल्यात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढून जीवाचं रान केलं, मद्रासचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराईंनी थेट पोपकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे दार उघडलं. जानेवारी १९६९. गोवा मोकळा होऊन सात वर्षं झाली होती.