मिलानमध्ये भाड्याचं घर: आधी कागद, मग किल्ली

मे २०२३. मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठासमोर, लिओनार्दो दा विंचीच्या नावाच्या चौकात, एका विद्यार्थिनीने तंबू ठोकला. खोल्यांची भाडी परवडत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. बघता बघता इतर शहरांतल्या विद्यापीठांबाहेरही तंबू लागले. ही मुलगी इटालियन होती. मग भारतातून इथे शिकायला, नोकरीला येणाऱ्यांचं काय होत असेल?

घरमालक आधी विचारतो, नोकरी कायम आहे का? पगाराच्या पावत्या दाखवा. नाहीतर इटलीत कमावणारा जामीनदार आणा. काल विमानातून उतरलेल्या माणसाने हे आणायचं कुठून? काही जण तर परकं नाव ऐकताच ‘घर गेलं’ म्हणून फोन ठेवतात. हा सरळसरळ अन्याय आहे.

हे बघा, जुन्या मिलानमधलं ‘कासा दी रिंगिएरा’. मधे चौक, प्रत्येक मजल्यावर कठड्याची लांब गॅलरी, गॅलरीत ओळीने दारं. गिरगावातल्या माणसाला ही आपली चाळच वाटेल. ही घरं बांधली कामगारांसाठी. संडासही सामायिक असायचे. आज नाविल्यी कालव्यांच्या भागात अशाच घरांना मोठी मागणी आहे.

घर ‘बिलोकाले’, म्हणजे दोन खोल्यांचं, असेल तर त्यात झोपायची खोली एकच. आणि ‘विनाफर्निचर’ लिहिलं असेल तर स्वयंपाकघरात जाऊन नीट बघा. बऱ्याचदा तिथे ओटा नसतो, सिंक नसतं, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले दिसतात.

आता करार. ‘चार अधिक चार’ वर्षांचा, म्हणजे आधी चार वर्षं आणि मग पुढची चार, ‘तीन अधिक दोन’चा, तात्पुरता म्हणजे जास्तीत जास्त १८ महिन्यांचा, आणि विद्यार्थ्यांचा वेगळा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, असा कायदा आहे. करार ३० दिवसांत कर खात्याकडे नोंदवावा लागतो. मालक म्हणतो, ‘नोंदणी राहू दे, भाडं रोख द्या, थोडं कमी करतो.’ कृपा करून याला हो म्हणू नका. नोंद नसलेला करार कायद्याने रद्दबातल ठरतो. तो दाखवून ‘रेसिदेन्झा’, म्हणजे पालिकेत रहिवासी म्हणून नोंद, मिळवणं अवघड. ती नसेल तर इटालियन ओळखपत्र नाही. पुढे बायकोमुलांना आणायचं ठरलं, की घर राहण्याजोगं असल्याचा दाखलाही लागतो. महिन्याला वाचलेल्या थोड्या युरोंपायी हे सगळं अडकून बसतं.

रहिवासी नोंदीचा अर्ज केला, की पालिकेचे पोलीस खरंच तिथे राहता का ते बघायला येऊ शकतात. खालच्या दाराशी बेलची पाटी असते. त्यावर फ्लॅटचे नंबर क्वचितच, आडनावंच जास्त. रोस्सी, फेरारी, कोलोम्बो. तिथे कुलकर्णी किंवा शेख दिसलं नाही, तर आलेला पोलीस परत जाईल, टपालही परत जाईल. किल्ली मिळाली त्याच दिवशी नाव लावून घ्या.

एक काम भारतातून निघण्याआधीच करता येतं. करारासाठी ‘कोदिचे फिस्काले’ हा कर क्रमांक लागतो, आणि तो मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासातून मागता येतो. तो घेऊन निघा. पहिले काही दिवस हॉस्टेलमध्ये काढावे लागले तरी चालेल. नुसते फोटो बघून, प्रत्यक्ष न पाहिलेल्या घरासाठी एक युरोही आगाऊ पाठवू नका.