नजरअंदाज पैसेवारी आणि माझी कादंबरी

नमस्कार मंडळी. मागं बैल दिसून राह्यला असेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, त्याला कॅमेऱ्याची सवय नाही. मलेही नाही.

नवी लिहिणारी पोरं विचारतात, "भाऊ, उपहासाची कादंबरी लिहायची तर कल्पना कुठून आणाच्या?" आता काय सांगू! कल्पना आणाव्या लागतच नाहीत. तहसीलच्या कागदावर तयार असतात.

हेच घ्या. पूर्ण पीक म्हणजे एक रुपया धरून यंदा पीक किती झालं हे सरकार पैशांत मोजतं, त्याला पैसेवारी म्हणतात. ५० पैशांच्या वर गेली की कास्तकार बरा चाललाय असं समजायचं, खाली आली तर दुष्काळाच्या सवलतींचं बघायचं. ही पैसेवारी तीनदा निघते : नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. पहिला शब्द पुन्हा ऐका. मराठीत नजरअंदाज म्हणजे डोळ्यांनी बांधलेला अंदाज. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे काणाडोळा करणं. आपल्याकडे दोन्ही भाषा एकाच टपरीवर चहा पितात, तेव्हा कोणता अर्थ घ्यायचा ते तुम्हीच ठरवा. मी तो शब्द कादंबरीतल्या तलाठ्याच्या तोंडी जसाच्या तसा घातला. हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "अतिशयोक्ती. कमी करावी."

कमी कुठून करू?

उपहासाची ही वाट आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. विनोदी लेखक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, १८७१ सालचा जन्म, खामगाव आणि जळगाव-जामोदला वकिली केली. 'बहु असोत सुंदर' हे गीत त्यांचंच. त्यांच्या 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखांच्या पुस्तकात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट आहे. गंमत अशी की, सुदामा रूढींना शिव्या देत नाही. तो इतक्या भक्तिभावानं त्यांची बाजू घेतो की रूढीच उघडी पडते. आणि सगळ्यात आधी वेडा ठरतो तो स्वतः. हे मला फार उशिरा कळलं.

कारण माझ्या पहिल्या कादंबरीत मी एकटाच शहाणा होतो. त्यात एक सोसायटीचा चेअरमन होता. पान थुंकायच्या आधी तो तीनदा इकडेतिकडे बघतो आणि शेवटी थुंकतो ते सोसायटीच्याच भिंतीवर. ज्याच्यावरून लिहिला तो गृहस्थ पारावर भेटला. मी चपला हातात घ्यायच्या तयारीत. त्यानं खांद्यावर हात टाकला, "मस्त लिहिलं भाऊ! थो चेअरमन पलीकडल्या गावचा न? मी पाहताबरोबर ओळखला!" एवढं बोलून इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं...

रागावला तो भलताच माणूस. पुस्तकात नव्हता, त्याचाच राग.

घरी आईला दोन पानं वाचून दाखवली. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. बराच वेळ ऐकून म्हणाली, "यात हसाचं काय हाये रे? हे तं आपल्याच घरचं हाये. तूच नाही का त्या अर्जावर सही करून मोकळा झालता?"

झालो होतो. पीकविम्याचा अर्ज, न वाचता. ते पान मी कादंबरीत घेतलंच नव्हतं.

आता पोळ्याचं सांगतो. तोरणाखाली बैल उभे राहतात आणि झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी चारदोन ओळींची गाणी, सुरू होतात. सावकार, सरपंच, मंत्री, कोणालाही झडतीत धरा, त्या दिवशी रागवायची सोय नाही. लहानपणापासून ऐकतोय, पण आपण कधी त्यात येऊ असं वाटलं नव्हतं. गेल्या पोळ्याला एका पोरानं माझ्याकडं बघून सुरू केलं :

वावरात तण, हातात वही,
लेखकाच्या घरात दाणा नाही,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

सगळं गाव हसलं. बायको सगळ्यात जोरात. मी खिशातनं वही काढली आणि उतरवून घ्यायला लागलो, तर मागून कोणीतरी ओरडलं, "पाहा पाहा, काढली वही!"